सशांची बारी

मेश्राम मॅडमना प्राणी आवडत नसत. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्यांची आठवण निघाली की गावात आजही कोणीतरी म्हणतंच, "मॅडमले जनावराचा लई लळा होता." कसला लळा घेऊन बसलात! सशांचा पिंजरा जवळ आला की त्यांना शिंका सुरू व्हायच्या. मांजर पायात घोटाळलं की त्या साडीचा काठ उचलून ते निघून जाईपर्यंत तशाच उभ्या राहायच्या. मी त्यांच्याबरोबर इतकी वर्षं एका शाळेत काढली, पण एखाद्या जनावराच्या पाठीवरून त्यांनी हात फिरवलेला पाहिला नाही. एकदा न राहवून विचारलं, तर नाकाचा रुमाल न काढताच म्हणाल्या, "सर, मले जनावरं नाई आवडत. मले पोट्टे आवडते. जनावर त पोट्ट्यायसाठी हाये."

आमची शाळा रोहण्यापासून आत. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, अंगणात कडुनिंब. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी मॅडमकडे. मी रोहण्यातच राहतो. मॅडम नाचणगाववरून स्कूटीनं यायच्या. तोंडाला दुपट्टा, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि डिक्कीत जेवणाच्या डब्यावर हिरव्या घासाची पेंढी दाबून बसवलेली. डबा उघडला की भाजीलाही त्या घासाचा वास यायचा. मी तोंड वाकडं करायचो आणि तरीही त्यांची चवळीची भाजी दोनदा मागून घ्यायचो.

त्यांच्या वर्गात हजेरीच्या आधी एक प्रश्न असे. खुर्चीवर बसायच्या आतच त्या विचारायच्या, "आज कोन उपाशी हाये?" हा प्रश्न पोरांच्या पोटाबद्दलचा नव्हता. ज्याच्या घरी जे असेल, शेळी, कोंबडी, कुत्रं, म्हैस, त्याला सकाळी पाणी आणि खाणं आपल्या हातानं देऊन यायचं आणि वर्गात सांगायचं. आईनं दिलेलं चालत नसे. आईनं दिलं आणि पोरानं आपलं म्हणून सांगितलं, तर मॅडम सहज विचारायच्या, "पेल्यावर तिनं भांड्यात किती पानी ठेवलं?" खोटं बोलणारा छताकडे पाहू लागायचा. खरं बोलणारा फाडफाड सांगायचा, की तिनं भांडंच लवंडलं, मग मी पुन्हा भरलं.

एक पोरगा उठून म्हणाला, "मॅडम, आमच्या घरी कोनीच नाई. नुसती आजी हाये."

"मंग आजीले पानी देल्लं का?"

वर्ग खो खो हसला. मॅडम मात्र हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून तो पोरगा रोज उठल्या उठल्या आजीच्या खाटेपाशी तांब्या भरून ठेवू लागला. आठवड्यानं म्हातारी काठी टेकत शाळेत आली आणि मलाच कोपऱ्यात घेऊन विचारू लागली, "सर, खरं सांगा. डॉक्टरनं माह्याबद्दल काई सांगतलं का?"

त्यांचं आणखी एक बोलणं वर्गात सारखं चालायचं. कोणी विसरलं आणि सवयीनं "सॉरी मॅडम" म्हणालं, की त्या म्हणायच्या, "मले काऊन सॉरी म्हनतं? मी त जेवून आलो. अन् जनावराले सॉरी समजत नाई, त्याले पानी समजते." मग त्या पोराला तिथूनच घरी पिटाळायच्या. पाणी देऊन ये, मग बस. पालकांना याचा राग यायचा. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष सुनीलभाऊ, गावात त्यांचं किराणा दुकान, ते दोनदा येऊन सांगून गेले की पोरं शिकाले पाठवतो, ढोरं राखाले नाई. मॅडमनी दोन्ही वेळा त्यांना चहा पाजला आणि जे चाललं होतं ते तसंच चालू ठेवलं. चिडायच्या नाहीत, वाद घालायच्या नाहीत. पण एकदा ठरवलं की मागे हटायचं नाही, याबाबतीत मी तरी दुसरं असं माणूस पाहिलं नाही.

ज्यांच्या घरी काहीच पाळलेलं नाही अशा पोरांसाठी मग ससे आले. पुलगावचं कोणी कुटुंब बदलीनं दूर चाललं होतं, त्यांनी आपली जोडी मॅडमना दिली. एक पांढराशुभ्र, एक मळकट करडी. पोरांनी त्यांची नावं ठेवली कापूस आणि सरकी. आमच्या भागात दुसरं काय सुचणार! शाळा असेल तेव्हा पिंजरा व्हरांड्यात आणि सुट्टीत घरोघरी. याला सगळे 'बारी' म्हणत. ज्याची बारी त्यानं पिंजरा न्यायचा, घास आणायचा, लेंड्या काढायच्या, उन्हाळ्यात पिंजऱ्यावर ओलं पोतं टाकायचं. बारी संपली की पुढच्याच्या घरी नेऊन द्यायचा. दिवाळीच्या सुट्टीत एका पोरीच्या आईनं तक्रार केली की सशांनी माझी मेथीची जुडी खाल्ली. मॅडम म्हणाल्या, म्हणजे तुमच्या पोरीनं त्यांचं जेवण वेळेवर दिलं नसेल, तिलाच विचारा.

मे महिन्यात बारी समीक्षाकडे होती. सुनीलभाऊंची धाकटी, तिसरीतली. दोन वेण्या, हुशार, कामाला चोख. घरच्यांना रोहण्याला एका लग्नाला जायचं होतं. तिनं सकाळी पिंजरा घरच्या अंगणातल्या कडुनिंबाच्या गार सावलीत ठेवला, मातीच्या परळात पाणी भरलं, घास टाकला, पोतं भिजवून वर घातलं. सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. दुपारपर्यंत परत येऊ, असं आई म्हणाली होती. पण लग्नघरचं जेवण कधी वेळेवर उरकलंय? ती मंडळी परत आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

सकाळी निंबाच्या ज्या बाजूला सावली होती, तिथं दुपारपासून लख्ख ऊन होतं. पोतं वाळून कडक झालेलं. आमच्याकडचं मे महिन्याचं ऊन काय असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. कापूस मेला होता. सरकी एका कोपऱ्यात धापा टाकत पडली होती.

फोन आला तसा मी गेलो. मागोमाग मॅडम आल्या. तोवर समीक्षाच्या आईनं सरकीला घरात नेऊन कूलरसमोर ठेवलं होतं, तिनं मान उचलली होती. समीक्षा मात्र धान्याच्या कोठीमागे जाऊन बसली होती आणि कोणाचंच ऐकत नव्हती. आई, काकू, मीसुद्धा, सगळे एकच म्हणत होतो, "जाऊ दे बाई, तुही काई चूक नाई." ती कानांवर हात दाबून बसली होती.

मॅडम कोठीपाशी खाली बसल्या. शिंकल्या. नाक पुसलं आणि म्हणाल्या, "समीक्षा, चूक तुही हाये."

मला वाटलं, या बाईला आता हाताला धरून बाहेर न्यावं.

"चूक तुही हाये. पन तू वाईट नाई. ह्या दोन गोष्टी येगयेगळ्या हायेत."

पोरीनं कानांवरचे हात काढले आणि पहिल्यांदा मान वर केली. आता कळतं, तासाभरात तिच्याशी खरं बोलणारं तेच पहिलं माणूस होतं. मग ती रडली, मोठ्यानं, आणि म्हणाली, "मी आता कोन्याच जनावराले हात नाई लावत. माह्या हातानं मरते."

"पाहू," मॅडम म्हणाल्या.

अंगणात सुनीलभाऊ उभे होते. त्यांचा नेहमीचा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. म्हणाले, "मॅडम, उद्याच्या उद्या पुलगाववरून पांढरा ससा आनून देतो. पोट्ट्यायले कळनारबी नाई. ही सरकी तेवढी तुमी घेऊन जा."

"दुसरा आनू नका, भाऊ. मेलेलं बापाच्या पैशानं परत भेटते, असं शिकन पोरगी. अन् सरकी इथंच राह्यते. समीक्षाची बारी संपली नाई अजून."

"पोरगी तिच्याकडं पाहून नाई राह्यली!"

"आज नाई पाह्यनार. तोवर वहिनी पाह्यतीन. पन पिंजरा इथून हलनार नाई."

बाहेर रस्त्यावर मी त्यांच्याशी भांडलो. म्हणालो, एक तर गेला, दुसरा पण गेला तर या पोरीचं काय होईल, विचार केलाय का? त्यांनी स्कूटीची किल्ली हातात फिरवली. मग म्हणाल्या, "केला. सरकी मी घेऊन गेलो, तर तिले आयुष्यभर वाटन का मॅडमनं आपल्यापासून जनावर वाचवलं. थे मी नाई करत, सर." आणि दुपट्टा गुंडाळून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी काही कामानं गावात गेलो, तर सुनीलभाऊंच्या घरासमोर रस्त्याच्या पलीकडे मॅडमची स्कूटी. त्या चिंचेखाली उभ्या होत्या, नुसत्या पिंजऱ्याकडे पाहत. आत गेल्या नाहीत. सरकीला ऊन लागत नाही एवढं पाहिलं आणि परतल्या. मग कळलं की हे रोजचंच. सुट्टी चालू, गरम झळांची लू सुटलेली, नाचणगावहून तिथपर्यंत यायचं आणि चिंचेखाली उभं राहून परत जायचं. मी म्हटलं, मॅडम, ऊन लागेल. त्या म्हणाल्या, "मले पानी पेता येते, सर."

इकडे गावातल्या पोरांनी समीक्षाला नाव पाडलं, 'ससामारी'. ती दुकानाच्या पायरीवर दिसली तरी कोणीतरी लांबून ओरडायचं. पोरगी घरातून बाहेर यायची बंद झाली. सुनीलभाऊ एका पोराच्या अंगावर धावून गेले, त्यावरून दोन घरांत बोलणं बंद झालं. मॅडमच्या कानावर हे गेलं. त्या कोणाला रागावल्या नाहीत. सगळ्या पोरांना त्यांनी सकाळी सकाळी सुनीलभाऊंच्या अंगणात गोळा केलं, मलाही बोलावलं.

"आज तुमची परीक्षा हाये," त्या म्हणाल्या. "प्रत्येकानं एक एक वीट घ्या, तिच्यावर आपलं नाव लिहा. ससा दिवसभर उन्हात नाई येनार, अशी जागा शोधा अन् वीट तिथं ठेवा. एकदा ठेवली का उचलाची नाई."

पोरं धावली. कोणी निंबाच्या बुडाशी, कोणी न्हाणीच्या भिंतीलगत, कोणी कडब्याच्या गंजीआड. प्रत्येकाला वाटलं, आपलीच जागा खरी. मग सगळ्यांना मॅडमनी ओसरीवर बसवलं, गोष्टी सांगितल्या, आंब्याचं पन्हं पाजलं. आणि दर थोड्या वेळानं म्हणायच्या, जा, आपली वीट पाहून या. दहा वाजले तसं भिंतीजवळच्या विटांवर ऊन आलं. अकराला कडब्याजवळच्या. निंबाच्या बुडाची वीट सगळ्यात हुशार पोराची होती, 'ससामारी' हे नाव त्यानंच पाडलेलं. दुपार कलली आणि त्याच्याही विटेवर ऊन उतरलं. तो तिला हात लावायला गेला आणि चटका बसून मागे झाला.

"वाचला का तुहा ससा?" मॅडमनी विचारलं.

पोरगा खाली पाहत म्हणाला, "नाई."

"कोनाचा वाचला?"

पोरं आपापल्या विटांकडे पाहू लागली. एवढ्यात दाराच्या आडून बारीक आवाज आला. "एका जागी ठेवून वाचतच नाई थो."

समीक्षा उंबरठ्यावर उभी होती. "सावली एका जागी राह्यतच नाई, मॅडम. सकाळी निंबाच्या रस्त्याकडच्या बाजूनं राह्यते. मंग बुडात जाते. मंग न्हाणीकडं. मंग पडवीत. तिच्या मांगं मांगं पिंजरा न्या लागते." कापूस मेल्या दिवसापासून ती खिडकीत बसून दिवस दिवस अंगणाकडे पाहत होती. आम्हा सगळ्यांना वाटलं होतं, पोरगी कोमेजली. ती सावली पाहत होती.

"मंग आता कुठं न्या लागन पिंजरा?"

समीक्षा उंबरठा ओलांडून खाली आली. पोरं बाजूला झाली. आईनं निंबाच्या बुडाशी ठेवलेल्या पिंजऱ्याची कडी तिनं दोन्ही हातांनी धरली. तिनं पिंजरा ओढत न्हाणीजवळ नेला, पोतं काढून हौदात बुचकळलं, पिळून पुन्हा वर घातलं आणि परळात बोट बुडवून पाणी तापलंय का ते पाहिलं. तापलं होतं. तिनं ते ओतून दुसरं भरलं. मी उगाच पोरांवर खेकसलो की विटा जागेवर नेऊन ठेवा.

'ससामारी' हे नाव त्या दिवसापासून बंद झालं. मॅडमनी बारीचा नियमही बदलला. बारी असताना बाहेरगावी जायचं असेल, तर पिंजरा आधी दुसऱ्याच्या हातात द्यायचा, मगच घराबाहेर पाऊल.

पोळा आला. आमच्याकडे मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, पोरांचा. लाकडी नंदी सजवून मिरवायचे. त्या वर्षी मॅडमनी सरपंचांच्या मागे लागून एक बक्षीस वेगळं ठेवलं. ज्याचं जनावर उत्तम निगा राखलेलं असेल त्याला. शाळेच्या मैदानावर तोरण बांधलं, डफडी, डीजे, सगळा दणदणाट. शेळ्यांच्या शिंगांना रंग, कुत्र्यांच्या गळ्यात झेंडूच्या माळा, एकानं तर कोंबडीला झूल शिवून आणली होती. मॅडम रुमाल नाकाला लावून एकेका जनावराचे कान उलटून गोचीड शोधत होत्या, खूर पाहत होत्या, शिंकत होत्या. पोळ्याच्या सुट्टीची बारी समीक्षाकडे होती, म्हणून सगळं गाव तिची वाट पाहत होतं. सरकी झूल घालून येणार, बक्षीस तिचंच, अशी दुकानावर चर्चाही होऊन गेली होती.

समीक्षा आली ती तळहाताएवढा लाकडी नंदी घेऊन. सोबत सरकी नव्हती.

सरपंचांनी माइकवरूनच विचारलं, "काऊन वं, तुही सरकी कुठं हाये?"

"घरी."

"आनली काऊन नाई? बक्षीस नाई पाह्यजे का?"

"पाह्यजे. पन डफड्याच्या आवाजानं तिचं काळीज धडधडते. ससे घाबरूनच मरते." मग ती मॅडमकडे वळली. "आजी बसली हाये तिच्यापाशी. पन मले लवकर जा लागते, मॅडम. आता पडवीत ऊन येईन."

आणि ती गेली. नंदी काखेत मारून, वेण्या उडवत, पळत. बक्षीस वाटायची वेळ आली तेव्हा ती मैदानावर नव्हती. बक्षीस कोंबडीवाल्याला मिळालं. मॅडमनी टाळ्या वाजवल्या आणि मग पाठ फिरवून बराच वेळ नाक पुसत राहिल्या. जवळपास ससा नव्हता, हे मी त्यांना सांगितलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांची बदली झाली. तिकडे वडनेरच्या बाजूला, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. सकाळची शाळा चालू होती तेव्हा, सुट्टी लागायच्या आधी, आम्ही निरोपाचा कार्यक्रम ठेवला. सुनीलभाऊ अध्यक्ष म्हणून बोलायला उभे राहिले. ढोरं राखायची गोष्ट त्यांना स्वतःलाच आठवली, ते हसले, आणि भाषण तिथंच सोडून त्यांनी स्वतः मॅडमच्या हातात चहा दिला. साडी-चोळी झाली, पोहे झाले, पोरांचं रडून झालं. मॅडम रडल्या नाहीत. सरकीचा पिंजरा पुढे कोणाकडे, घास कुठून येणार, आजारी पडलं तर आर्वीच्या कोणत्या डॉक्टरकडे न्यायचं, हे त्या मला पुन्हा पुन्हा बजावत होत्या. मला शेवटी म्हणावं लागलं, मॅडम, पोरांना माहीत आहे.

बाहेर पडायला उशीर झाला. ऊन मी म्हणत होतं. त्यांनी सकाळी स्कूटी निंबाखाली लावली होती, व्हरांड्यासमोरच्या बाजूला. त्या बाजूला आता पांढरं ऊन होतं आणि स्कूटी तिथं नव्हती. मॅडम गोंधळून थांबल्या.

स्कूटी शाळेच्या मागच्या भिंतीला, सावलीत उभी होती. कोणीतरी ढकलत तिथं नेली होती. सीटवर ओलं पोतं होतं, नुकतंच भिजवलेलं. त्यातून थेंब थेंब पाणी गळत होतं.

समीक्षा भिंतीच्या कोपऱ्याशी उभी होती. बादली तिच्या पायाशी होती. मॅडमनी पोतं उचलून घडी करून बादलीवर ठेवलं. सीटवर तळहात ठेवला आणि कितीतरी वेळ तसाच ठेवला. मग तोच ओला हात त्यांनी समीक्षाच्या डोक्यावरून, वेणीच्या टोकापर्यंत फिरवला. असा हात फिरवताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

नवी साडी भिजेल म्हणून मी रुमाल पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. त्या तशाच ओल्या सीटवर बसल्या, तोंडाला दुपट्टा गुंडाळला आणि स्कूटी रस्त्याला लागली. समीक्षा बादली उचलून व्हरांड्यात गेली, कारण पिंजऱ्यावर ऊन यायची वेळ झाली होती.